गाळलेल्या पाण्याची फियाट

टोप गावाच्या पुढं हायवेच्या कडेला फियाटीनं वाफ सोडली आणि राजमती आक्का चिडल्या. चिडलेलं माणूस फडकं शोधत बसत नाही. आक्कांनी बॉनेट उचललं, पदराचं टोक डाव्या हाताला गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण सरळ फिरवलं. आतलं उकळतं पाणी झाकणासकट वर उसळलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजून निघाला. मागनं येणारा एक टेम्पोवाला थांबला, आपल्या कॅनमधलं गार पाणी त्यानं हातावर ओतलं आणि मावशी, गरम गाडीचं झाकण काढतंय का कुणी, म्हणून वर चार शब्द सुनावले. आक्कांनी ते मुकाट ऐकून घेतले, कारण त्याचं बरोबर होतं. मग गाडी गार होईपर्यंत त्या झाडाखाली बसल्या, उरलेलं पाणी गाडीत ओतलं, दुखऱ्या हातानं गिअर टाकत पेठ वडगावच्या शेतावर गेल्या, उसाला पाणी सुटलंय का ते बघितलं आणि मगच दवाखान्याची पायरी चढल्या. बाईच तशी आहे, त्याला कोण काय करणार.

राजमती मगदूम. साठी ओलांडलेली, घर कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात, आणि शेत वडगावच्या बाहेर, एसटी स्टँडपासून चांगलं लांब. नवरा जयपाल गेला तेव्हा भावकीनं धरूनच ठेवलं होतं की आता बाई शेत खंडानं देणार आणि जैन बस्तीत जप करत बसणार. बाई गाडी शिकल्या. पन्नाशीत. नवऱ्याचीच जुनी पांढरी फियाट, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, जी चालवताना तरण्या पोरांचीसुद्धा त्रेधा उडते. पहिल्या महिन्यात त्यांनी बोळातल्या दोन भिंती आणि एक विजेचा खांब घासला. लोक हसले. दुसऱ्या महिन्यात त्या बियाणाची पोती घालून शेतावर गेल्या आणि वांग्यांचे क्रेट घालून परत आल्या, तेव्हा हसणाऱ्यांनीच वाटेत हात करून लिफ्ट मागितली.

तर हात भाजल्याची बातमी शेजारच्या गणपतरावांनी पुण्याला फोन करून दिली. चांगल्या मनानं दिली, पण काही माणसांचं चांगलं मन दुसऱ्याला फार महागात पडतं. रविवारी सकाळी आक्कांचा मुलगा सम्मेद दारात हजर. पोरगा वाईट नाही. आईवर जीव आहे. पण कंपनीत हाताखाली माणसं असलेल्या पोरांना एक सवय लागते, त्यांना आईसुद्धा हाताखालचीच वाटायला लागते. त्यानं हातावरचं बँडेज बघितलं, चहा घेतला आणि सगळं ठरवूनच आल्यासारखं सांगून टाकलं. पुण्यात एक हॉटेलवाला आहे, त्याला जुनी फियाट पाहिजे. हॉटेलच्या दारात उभी करायची आणि बॉनेट काढून आत फुलझाडं लावायची. गाडी त्याला द्यायची, शेत खंडानं लावायचं, घर बंद करायचं आणि आईनं पुण्याला येऊन राहायचं.

नवी गाडी घेऊ का, असं त्यानं विचारलंही नाही. त्याला गाडीचं दुखणं नव्हतंच. आईनं स्टिअरिंग सोडावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

फुलझाडं ऐकली आणि आक्कांच्या मस्तकात तिडीक गेली. त्या तिडिकीत त्यांनी दुसरी चूक केली, आणि ती हात भाजण्यापेक्षा मोठी होती.

"होळीच्या सुट्टीला ये," त्या म्हणाल्या. "तुला शेजारी बसवून गाडी पन्हाळ्यावर घालतो. वाटेत एकदा जरी गाडी उकळली, तर घेऊन जा तुझ्या हॉटेलवाल्याकडं. मीबी मुकाट पुण्याला येतो."

कोल्हापूरच्या बायका 'येतो-जातो'च म्हणतात, त्यात नवल नाही. नवल हे की सम्मेद लगेच "चालेल" म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की आक्कांना आपली चूक तिथंच कळली. पण जैनाच्या घरात शब्द दिला म्हणजे देवापुढं नेम घेतल्यासारखं असतं. बोलून बसल्या त्या बसल्या.

सम्मेद गेल्यावर गणपतराव तोंड पाडून आले. मी फोन करायला नको होता म्हणाले. मग त्याची भरपाई म्हणून त्यांनी एक उपाय सांगितला. रेडिएटर गळत असला तर त्यात मूठभर हळद टाकायची, भोक आपोआप बुजतं. त्यांच्या मेव्हण्यानं अशी जीप पार गडहिंग्लजपर्यंत नेली होती म्हणे. आपल्याकडं हळदीवर माणसाचा भारी विश्वास. कापलं तर हळद, खोकला तर हळद, लग्नाला हळद, मग गाडीनं काय घोडं मारलंय. आक्कांनी घरची दळलेली हळद घातली. गळायचं खरंच थांबलं. आक्का खूश होऊन कावळा नाक्यापर्यंत गेल्या आणि तिथंच तापमानाचा काटा लालात जाऊन टेकला.

या खेपेला त्यांनी झाकणाला हात लावला नाही. गाडी बाजूला घेतली, गार होऊ दिली आणि थांबत थांबत थेट उद्यमनगरात नेली.

उद्यमनगर म्हणजे शहराचं लोखंडी पोट. तिथं तोफ सोडून सगळं बनतं, आणि कुणी पैजेवर सांगितलं तर तोफही बनवतील. बाळासो तिथला रेडिएटरवाला. अंगानं आडवा, आवाजानं मोठा आणि 'उद्या' या शब्दाचा फार शौकीन. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, जाळीवर हात फिरवला आणि सांगितलं की ह्याला काय अर्थ न्हाय आक्का, ही पितळी जाळी आता मिळत न्हाय, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची ॲल्युमिनियमची बसवू, पट्ट्या कापू, जमवू. आक्का म्हणाल्या, जमवलेलं नको. ही रेडिएटरची टाकी आहे तीच राहू दे, आत नवी जाळी करून घाल. बाळासो म्हणाला, बघू उद्या.

उद्या म्हणजे काय ते आक्कांना ठाऊक होतं. शेतावर मोटार दुरुस्तीवाल्यानं एकदा त्यांचं उद्या करत करत भेंडीचं अख्खं पीक वाळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डबा आणि गाळलेल्या पाण्याची बाटली घेऊन बाळासोच्या दारात आल्या, आतलं लोखंडी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. बाळासो म्हणाला, आक्का तुम्ही कशाला त्रास घेताय, मी फोन करतो की. आक्का म्हणाल्या, मला त्रास न्हाय, घरी नुसती बसतो ती इथं बसतो. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे म्हणून उठल्या, आणि पुढच्या सकाळी पुन्हा येऊन बसल्या. कुणाला बोलल्या नाहीत, कुणाची तक्रार नाही. फक्त बसायच्या आणि बाळासोनं दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावला की त्याच्याकडं बघायच्या.

बाळासोला शिव्या देणारी गिऱ्हाईकं रोजची होती, त्यांचं त्याला काही वाटत नसे. पण ही बाई बघतच राहायची. चहा सांगितला तर नको म्हणायची. शेवटी त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं की आक्का, तुम्ही बसला की माझा हात दुसऱ्या कामावर बसत न्हाय. मग घे की माझंच, आक्का म्हणाल्या. बाळासोनं घेतलं.

रेडिएटर उतरवून त्यानं वरच्या टाकीचा जोड ज्योतीनं तापवला. कथलाची झाळ सुटली तशी पकडीत धरून टाकी अलगद उचलली. आक्का स्टुलावरनं उठून जवळ गेल्या. आत जाळीच्या नळ्यांची तोंडं असतात, त्यातनं पाणी खाली उतरतं आणि उतरताना गार होतं. इथं तोंडं दिसतच नव्हती. न्हाणीतल्या बंबाच्या तळाला धरतो तसला पांढरा चुना सगळीकडं दगडासारखा बसला होता, आणि त्यावर पिवळा लगदा.

"आक्का, पिठलं शिजवलंय का ह्यात?" बाळासो म्हणाला. आजूबाजूची कामं करणारी माणसं बघायला जमली आणि हसली. आक्का हसल्या नाहीत.

हळदीचं त्यांना काही वाटलं नाही. ते गणपतरावांचं खूळ, आठवड्यापूर्वीचं. त्यांचे डोळे त्या पांढऱ्या चुन्यावर होते. तो कुठनं आला ते त्यांना सांगायला कुणी लागत नव्हतं.

ही फियाट घरात आली त्या वर्षीची गोष्ट. तेव्हा जयपाल तिच्यात रीतसर कूलंट घालायचा, ते हिरवं गोडसर पाणी असतं ते. एकदा ओतताना दारात सांडलं आणि बोळातल्या कुत्रीच्या एका पिलानं ते चाटलं. ते विष असतं हे जयपालला माहीत नव्हतं. पिलू लगेच मेलं नाही, तडफडून मेलं. जयपालनं अन्न सोडलं होतं तेव्हा. मुंगी चुकवून पाय टाकणारा माणूस, त्याच्या हातनं हे झालं. त्यानं नेम घेतला की या गाडीत पुन्हा ते घालायचं नाही. गाडी पाण्यावर चालेल, आणि तेही घरात पितो तसं, पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून, गाळूनच. रविवारी सकाळी तो धोतराचं दुहेरी फडकं कळशीच्या तोंडाला बांधून बोअरचं पाणी गाळायचा आणि नाळक्यानं, म्हणजे नरसाळ्यानं, गाडीत ओतायचा. तो गेल्यावर आक्कांनी तेच फडकं धुऊन धुऊन वापरलं. विरलं तेव्हा तसलंच दुसरं फाडलं. एकही रविवार चुकवला नाही.

"फडक्यात जीव अडकतो," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "चुना अडकत न्हाय."

बोअरचं पाणी किती जड आहे ते त्यांना रोज दिसत होतं. डाळ शिजत नव्हती, साबणाला फेस येत नव्हता, न्हाणीच्या फरशीवर पांढरे डाग पडत होते. सगळं दिसत होतं, पण नवऱ्याच्या हातचा नेम म्हटल्यावर तिथं डोकं चालवावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. दर रविवारी माया करून त्यांनी गाडीचा गळा बांधत आणला होता. आक्कांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मेलेल्या नवऱ्याचा आधी राग आला, मग स्वतःचा आला. हसणारी माणसं गुमान आपापल्या कामाला लागली.

बाळासोनं मग काम मात्र मन लावून केलं. कुठल्या तरी ओळखीच्याकडनं त्या मापाच्या नळ्या आणि पातळ पत्र्याचं पातरं आणलं, नवी जाळी विणून घेतली, जुन्या टाक्या घासून सोन्यासारख्या केल्या आणि झाळून बसवल्या. सगळी तोंडं बंद करून, आत हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला, तर एका कोपऱ्यातनं बारीक बुडबुडा येत होता. बाळासो म्हणाला, एवढं चालतंय, वरनं बुजवायची लांबी लावतो. आक्का म्हणाल्या, न्हाय चालत, परत झाळ. बाळासो करवादला, पण परत झाळला. रबरी पाइप कडक झाले होते ते बदलले, पंख्याचा पट्टा बदलला, झाकण नवं घातलं आणि इंजिनातनं इतकं तांबडं पाणी धुऊन काढलं की गटार लाल झालं.

आणि मग त्यानं कूलंटचा हिरवा कॅन आणून समोर ठेवला.

आक्का म्हणाल्या, हे न्हाय. बाळासो म्हणाला, मग माझी जबाबदारी न्हाय. नळाचं पाणी घाला, बोअरचं घाला, बाटलीतलं घाला, थोड्या वर्षांत परत हेच होणार, आणि नुसत्या शुद्ध पाण्यानं चुना न्हाय धरला तरी इंजिन आतनं गंजणार. घाटात उकळायलाबी साधं पाणीच आधी उकळतं. आक्कांनी गाडी तशीच ठेवायला सांगितली आणि त्या पायी घरी गेल्या.

त्या रात्री त्यांना झोप लागली, उगाच खोटं कशाला सांगा. दमल्या होत्या. पण सकाळी प्यायचं पाणी गाळायला बसल्या आणि फडकं पिळताना हात थांबला. फडक्यात जे अडकतं ते पुन्हा पाण्यातच सोडायचं, मारायचं नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. जयपालनं नेम कशाचा घेतला होता? पाण्याचा नव्हता घेतला. जिवाचा घेतला होता. त्या पिलाला कूलंटनं मारलं नाही, सांडलेल्या कूलंटनं मारलं. सांडू द्यायचं नाही, हे अवघड होतं, म्हणून त्या भल्या माणसानं सोपं ते केलं आणि घालणंच बंद केलं. आपण अवघड ते करू, आक्कांनी ठरवलं. तरी नवऱ्याचा शब्द बाजूला सारताना काळीज हललंच. त्याच्या फोटोकडं त्या दिवशी त्यांनी नीट बघितलं नाही.

उद्यमनगरात त्या घरातली मोठी पितळी परात घेऊन गेल्या. गाडीच्या खाली परात, नाळक्याभोवती फडकं, आणि बाळासोला सांगितलं, थेंब जरी भुईला लागला तर तू पुसायचं आणि पाणी टाकून धुवायचं. पुढं कधी बदलायचं झालं तर जुनं झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवायचं, तुमच्या त्या काळ्या ऑईलबरोबर ते नेणाऱ्याला द्यायचं, गटारात ओतलंस तर मी परत येऊन स्टुलावर बसणार. ही शेवटची धमकी बाळासोला बरोबर लागली. हिरवं पाणी आत गेलं, गाडी चालू झाली, काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. बाळासोनं एक गोष्ट आवर्जून सांगितली. ह्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतोय, म्हणून गर्दीत थांबलात आणि काटा चढला तर न्यूट्रल करून जरा ॲक्सिलेटर द्या, पंखा जोरात फिरंल, घाबरून बंद करू नका.

होळीच्या सुट्टीला सम्मेद आला. हॉटेलवाल्याचा फोन नंबर खिशात घेऊनच आला. गाडीत बसायच्या आधी त्यानं बॉनेट उघडून नवा केलेला रेडिएटर बघितला. आक्कांनी देवाला हात जोडले आणि निघाल्या. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली मागं पडली, उन्हं तापत होती. सम्मेदचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच. तो सारखा त्या काट्याकडं बघत होता आणि आक्का त्याला बघताना बघत होत्या. लहानपणी तापात थर्मामीटर लावला की हाच पोरगा असा डोळे फाडून बघायचा, तेव्हा त्यांना त्याची माया यायची. आता चीड येत होती.

वाघबिळापासनं चढ लागला. आक्कांनी दुसऱ्या गिअरवर घातली. गाडी घरघरत चढली, वळण घेतलं, परत चढली. काटा मध्यावर. शेवटच्या चढाला मात्र सुट्टीची गर्दी आडवी आली. पुढं गाड्यांची ही रांग, कुणी वळतोय, कुणी मध्येच थांबून पोरांना फोटोला उभं करतोय. आक्कांना चढावर थांबावं लागलं. इंजिन चालू, वारा नाही, ऊन माथ्यावर. काटा हलला. मध्यावरनं सुटला आणि वर सरकायला लागला.

"आई, चढतोय," सम्मेद म्हणाला.

आक्कांनी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं आणि ॲक्सिलेटरवर पाय दिला. पंखा घोंगावला. काटा सरकतच होता. हाताच्या भाजलेल्या जागची नवी कातडी चुरचुरली. आणि त्या घटकेला त्यांच्या मनात एक विचार इतका सरळ आला की त्या स्वतःच चकित झाल्या. उकळली, तर उकळली. बाजूला घेऊ, गार करू, पाणी घालू आणि परत चढू. पुण्याचं काही मनात आलंच नाही. पैजेचंही नाही. काटा थोडा अजून वर गेला, थबकला, आणि मग पंख्याच्या वाऱ्यानं मेहेरबानी केल्यासारखा हळूहळू खाली उतरला. रांग सरकली. आक्कांनी पहिला गिअर टाकला आणि फियाट पन्हाळ्याच्या नाक्यातनं वर गेली.

गाडी झाडाखाली लावली. सम्मेद उतरला, बॉनेट उघडून सगळीकडं वाकून बघितलं. कुठं वाफ नाही, कुठं थेंब नाही. मानलं, तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. आईनं मिठीबिठी मारावी असंही त्याला वाटलं असेल. पण मग त्यानं बॉनेट लावलं आणि बोलायला लागला. मे महिन्यात मात्र चालवायची नाही. एकटीनं हायवेला जायचं नाही, शेतावरच्या आकाराम गड्याला बोलावून घ्यायचं आणि त्याला शेजारी बसवायचं. गाडी कुठं आहे ते दाखवणारं यंत्र तिच्यात बसवायचं. आणि पावसाळा संपला की आंबोलीचा घाट एकदा चढवून बघू, तोवर हॉटेलवाल्याला मी थांबायला सांगतो. चांगल्या आवाजात सांगत होता. हाताखालच्या माणसाला बढती द्यावी तसं.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सम्मेद, काटा चढला तेव्हा मी काय ठरवलं सांगू? उकळली तर गार करतो आणि परत चढवतो. पुण्याला यायचं माझ्या मनातसुद्धा आलं न्हाय."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे तू शब्द मोडला असतास?"

"व्हय. मोडला असता. पाप लागलं असतं ते सोसलं असतं." आक्कांचा आवाज चढला नाही. "शब्द द्यायलाच नको होता मी. गाडी माझी, घर माझं, शेत मी कसतो. ह्याची पैज लावतंय का कुणी? मी लावली, आणि जिंकल्यावर तू पुढच्या घाटाची लावतोयस. किती घाट चढवणार हायस मला?"

शेजारी एक कुटुंब भेळ खात होतं, ते कान टवकारून ऐकत होतं. सम्मेदनं त्यांच्याकडं पाठ केली. बोलला तेव्हा त्याचा तो कंपनीतला आवाज गेला होता. गणपतकाकांचा फोन आला त्या दिवशी मी मीटिंगमधनं उठलो आणि जिन्यात बसलो, तो म्हणाला. आता कोल्हापूरचा नंबर दिसला की उचलायच्या आधी मी डोळे मिटतो. "मला भीती वाटते, आई."

हे मात्र आक्कांना लागलं. पोटचा पोर, आणि ही गोष्ट सांगायला त्याला हॉटेलवाला आणि फुलझाडं आडवी घालावी लागली. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. भाजलेलाच हात ठेवला, त्याला तो दिसला.

"वाटणारच," त्या म्हणाल्या. "मलाबी वाटती. तू रात्री-अपरात्री मोटरसायकलवर फिरायचास, तेव्हा मी दारात उभी राहायची. तुझी मोटरसायकल विकली का मी?" सम्मेद खाली बघायला लागला. "भ्या तुला वाटतंय, आणि औषध मी घ्यायचं?"

त्यानं डोळे पुसले, ते बघून भेळवाल्या कुटुंबानं नजर दुसरीकडं वळवली. मग आक्का म्हणाल्या, चल, गर्दी वाढायच्या आत उतरू, वडगावला जायचंय, आज उसाला पाण्याची पाळी हाय.

सम्मेद सवयीनं उजव्या बाजूच्या दाराकडं गेला आणि हात पुढं करून त्यानं किल्ली मागितली. आक्का किल्ली मुठीत धरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या. बघता बघता त्याचा हात खाली आला. तो गाडीला वळसा घालून पलीकडं गेला, आणि आक्कांनी आपल्या जागेवर बसून, हात लांब करून, त्याच्या बाजूचं दार आतनं उघडून दिलं.